आषाढात पसंत केलेली गाडी

आषाढात नवी गाडी बघायला निघालेल्या बाईचं डोकं ठिकाणावर नसतं, असं माझ्या सुनेचं मत आहे. सून तेलुगू. तिच्या माहेरी आषाढम लागला की लग्न नाही, गृहप्रवेश नाही आणि नव्या गाडीचं तर नावही काढायचं नाही. आम्ही मराठवाड्याकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. आमच्याकडे आषाढ तळतात. कापण्या करायच्या, तिखटमिठाच्या पुऱ्या करायच्या, खायच्या आणि वामकुक्षी घ्यायची.

"अत्तय्या, एक महिना थांबा ना," ती म्हणाली. "श्रावणम येऊ द्या, मग बघू."

"श्रावणात अर्धं हैदराबाद शोरूममध्ये असतं. मला रिकामं शोरूम पाहिजे."

"रिकामं कशाला?"

"बसून बघायला."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवळात पत्ते खेळायला जागा मागितली.

पण मला खरंच बसूनच बघायचं होतं. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मागच्या थंडीत न्हाणीघरात पडल्याचं निमित्त झालं आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं. काठी घेऊन घरभर फिरतात, गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत आपले आपण बसतात, आपले आपण उठतात. डॉक्टर म्हणाले, आता बाहेर पडा, माणसांत जा. ऑटो मात्र नको म्हणाले, आमच्या रस्त्यांचे दचके त्यांनाही ठाऊक असावेत. राहिली मुलाची गाडी. ती उंच. आजकाल रस्त्यावर सगळ्या तसल्याच दिसतात, हत्तीसारख्या, आत जायला शिडी लावावी अशा.

त्या गाडीत ह्यांना पहिल्यांदा बसवलं तो दिवस मला आठवायचा नसतो, तरी आठवतो. मुलगा आतून ओढतोय, वॉचमन मागून काखेत हात घालून उचलतोय, आणि वरच्या मजल्यांवरच्या गॅलऱ्यांमधून सल्ले येतायत. "पहले पीठ अंदर करो जी!" "नै नै, पाँव पहले!" ह्यांनी डोळे मिटून घेतले होते. आत बसल्यावर वॉचमन मायेनं म्हणाला, "हो गया, तातय्या." तातय्या म्हणजे आजोबा. परत आल्यावर उतरवतानाही तेच सगळं. घरात येऊन ह्यांनी काठी कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाले, "बास."

हा माणूस जन्मभर सिकंदराबादला रेल्वेत गार्ड होता. गार्ड कसा चढतो, पाहिलंय कधी? सगळे प्रवासी बसले की नाही बघतो, हिरवं निशाण दाखवतो, गाडी हलते आणि मग हा सगळ्यांच्या शेवटी आपल्या डब्यात चढतो. दांडीला एक हात, पायरीवर एक पाय, जिना चढावा तसा. मी फलाटावर उभी राहून पाहिलंय. चालत्या गाडीत चढणाऱ्याला आता उभ्या गाडीत दोघांनी उचलून ठेवायचं.

तेव्हापासून ह्यांचं बाहेर जाणं संपलं. दर रविवारी संध्याकाळी चिक्कडपल्लीला एका मित्राच्या बंद दुकानाच्या पायऱ्यांवर ह्यांच्या बरोबरीची मराठी मंडळी जमतात. चहा, राजकारण, कुणाची बायपास, कुणाचा जावई. नोकरीत असताना ड्यूटी नसेल त्या रविवारी आणि निवृत्तीनंतर तर एकही रविवार न चुकवता हे तिथं गेलेले. आता मित्रांचे फोन यायचे आणि हे सांगायचे, "गुडघा जरा धरलाय." गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. कुणी म्हणालं, आम्हीच येतो भेटायला, तर म्हणायचे, "कशाला, येईनच मी." पण रविवार आला की दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून वेताच्या खुर्चीत बसायचे आणि दिवे लागेपर्यंत रस्ता बघायचे. मग शर्ट काढून घडी घालून ठेवायचे.

मुलाची गाडी यंदा बदलायचीच होती. तो आणखी एक हत्ती आणणार होता. मी म्हटलं, "या वेळी गाडी मी पसंत करणार. बसकी, लांब, मऊ. ह्यांना कुणी हात न लावता बसता येईल अशी."

"सेडान म्हणतेस?" मुलगा म्हणाला. "आई, आता कोण घेतं सेडान?"

"मी घेते."

आता एवढ्यासाठीच सेडान म्हणाले असं लिहिलं तर माझ्याच पेनाला हसू येईल. त्यात आणखी एकीचा हात होता. तिची ओळख करून देते.

ती एकवीस-बावीस वर्षांची, गावाकडून लग्न होऊन हैदराबादेत आलेली. चिक्कडपल्लीत दोन खोल्या, मागच्या दाराशी सार्वजनिक नळ. रविवारी नवऱ्याबरोबर बसनं आबिड्सच्या बाजारात जायची. नवरा टपाल कचेरीच्या घड्याळाशी आपलं घड्याळ लावून घ्यायचा, रेल्वेवाल्यांचा तो धर्म. ही तोवर दुकानांसमोर उभ्या असलेल्या मोटारी बघायची. काचेतून आत वाकून बघायची नाही, तेवढी अक्कल होती. नुसती शेजारून हळू चालायची, जणू आत्ताच उतरलीय आणि ड्रायव्हरला काहीतरी सांगायचं राहिलंय. आरशात वेणी बघायची. पदर असा सोडायची की मोटारीच्या पत्र्यावर त्याचं प्रतिबिंब वाहत जावं. एकदा एका काळ्या लांब गाडीला टेकून उभी होती, तर आतून काच खाली झाली आणि एक मिशीवाले गृहस्थ फार अदबीनं म्हणाले, "बेगम साहिबा, गाडी निकालनी है." बेगम साहिबा जी पळाली ती रस्ता ओलांडून फळांच्या गाडीमागं जाऊन थांबली. पण दिवसभर तिच्या कानात "बेगम साहिबा" एवढंच वाजत होतं. बाकीचं वाक्य तिनं ऐकलंच नव्हतं.

आणि नुमाइशीतला, म्हणजे इथल्या दरवर्षीच्या प्रदर्शनातला, तो फोटो! फोटोवाल्याकडे पुठ्ठ्याची मोटार होती. निळी, पंख पसरल्यासारखी, मागं रंगवलेला तलाव आणि चंद्र. नवऱ्याला म्हणाली, या ना, बसा ना शेजारी. तो म्हणाला, "मला नको, मी पिशवी धरतो." मग ही एकटी बसली. पुठ्ठ्यामागे विटा रचलेल्या, त्यांच्यावर उकिडवी. चेहऱ्यावर भाव मात्र जहागीरदारणीचा. नजर दूर कुठंतरी, बहुतेक मिरची भज्यांच्या दुकानाकडे.

तर ही बया. इतक्या वर्षांत मी म्हातारी झाले, ती झाली नाही. मुलाशी मी बोलत होते तेव्हा ती आतून बोलत होती. लांब गाडी, मागची सीट, शेजारी हे, आणि दोघं काचेतून शहर बघत कुठंतरी चाललेले. कुठं, ते तिलाही माहीत नव्हतं.

पहिलं शोरूम मुलानं दाखवलं, ते आषाढ लागायच्या आधी. रविवार, गर्दी, लहान मुलं स्टिअरिंगवर चढलेली. मुलगा उंच गाड्यांकडे वळला आणि मला कोपऱ्यात ती दिसली. चंदेरी, जमिनीला पोट टेकवून बसलेल्या मांजरीसारखी. मी दार उघडलं आणि मागं बसले. बसले म्हणजे काय, उतरत गेले. खाली, आणखी खाली. सीटनं मला सायीसारखं आत घेतलं. दार लागलं ते आवाज न करता, नुसता श्वास सोडल्यासारखं. बाहेरची गर्दी एकदम माशांसारखी झाली, तोंडं हलतायत, आवाज नाही. नव्या कातड्याचा वास, थंडगार हवा, छताला बारीक ठिपक्यांचं कापड. मी डोळे मिटले. गाडी उभीच होती, पण माझ्याखालून रस्ता वाहायला लागला. तलावाकाठचा टँकबंड गेला, पाण्यावरचे दिवे गेले, मग शहर संपलं आणि दोन्हीकडे ज्वारी लागली, आमच्या गावाकडची, कणसं भरलेली. शेजारच्या सीटवर हात ठेवला, तिथं हे असणार होते.

मग मुलानं काचेवर टकटक केलं. "आई, उतर."

उतरायला गेले तर गुडघे कानाशी आलेले. हात टेकावा तर टेकायला काही नाही. एक पाय बाहेर काढला, तर बाकीची मी आतच. शेवटी मुलानं एका हाताला धरलं, टायवाल्या माणसानं दुसऱ्या, आणि विहिरीत पडलेली बादली काढतात तशी मला वर काढली. एक पोरगं आपल्या आईला विचारत होतं, "मम्मी, दादी को क्या हुआ?"

"ही तर तुलाच चढत नाही," मुलगा हसत म्हणाला.

"चढायचं नसतं रे हिच्यात. बुडायचं असतं."

हसले मी, पण घरी येईपर्यंत एकच डोक्यात घोळत राहिलं. माझं हे झालं, तर ह्यांचं काय झालं असतं? तेही त्या गर्दीत?

म्हणजे उंच नको, तशी फार बसकीही नको. मग किती? गॅलरीतल्या खुर्चीकडे लक्ष गेलं. तिच्यातून हे रोज आपले आपण उठतात. मी सुतळी आणली, खुर्चीच्या बैठकीपासून जमिनीपर्यंत धरली आणि गाठ मारली. गादीच्या खोळी मी आयुष्यभर अशाच मापून शिवल्या. हे दुपारच्या झोपेतून जागे होऊन बघत होते.

"काय करतीयस?"

"खुर्चीला झालर लावणारे."

"वेताच्या खुर्चीला?"

"झोपा तुम्ही."

मग आषाढ लागला, आणि सुनेला पटवून मी तिच्याबरोबर दुपारी दुपारी शोरूमं पालथी घातली. तिनं अट घातली होती, बघायचं फक्त, बोलायचं नाही, आगाऊ पैसे तर द्यायचेच नाहीत. त्या दुपारी मला अजून जागेपणीही स्वप्नासारख्या पडतात. आभाळ भरलेलं, पण पडत नसलेलं. काचेच्या मोठाल्या दालनात एक माणूस नाही. फरशीवर गाड्यांची प्रतिबिंबं, पाण्यात उभ्या असल्यासारखी. विकणारी मंडळी टेबलाला टेकून पेंगत बसलेली. आम्ही आत शिरलो की एकाच वेळी सगळे जागे होत आणि मग आषाढमची आठवण होऊन पुन्हा अर्धे झोपत. मी एकेका गाडीचं मागचं दार उघडायचे, सुतळी सोडायचे, गाठ बघायचे. ही खाली, ही वर. मग सुतळी ठेवून बसायचे. बसले की ती पुठ्ठ्याच्या गाडीतली शेजारी येऊन बसायचीच. दोघी डोळे मिटायचो. मरून रंगाच्या एका गाडीत तर मला खरोखर डुलकी लागली. सुनेनं हलवून उठवलं, "अत्तय्या, घोरत होता."

एका शोरूममध्ये बहुतेक सुनेच्याच वयाची एक बाई होती. अंगावर कंपनीचा कोट, केसांत मोगरा. बाकीचे सुतळी बघून हसले होते, ही हसली नाही.

"अम्मा, आप क्या नापते?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, वॉचमनसकट. ती एका गाडीपाशी घेऊन गेली. सुतळी सोडली. गाठ बरोबर सीटच्या काठावर.

"अंकल को लेके आओ अम्मा."

"वो नहीं आएँगे. लोगाँ देखते."

तिनं क्षणभर विचार केला. "तो मैं गाडी लेके आती. आषाढम है, मेरेकू क्या काम? पूरा दिन रखो."

दिवस मी निवडला. आमच्या भागातल्या बोनालूचा रविवार. सकाळीच बायका डोक्यावर कडुनिंबानं सजवलेली मडकी घेऊन देवीला निघाल्या, दुपारी जेवणं, त्यानंतर सगळी इमारत एक तर देवळाकडे, नाही तर सुस्त पडलेली. वॉचमनही बायकामुलांसह गेलेला. मुलगा कामासाठी बंगळूरला. तळघरातल्या पार्किंगमध्ये, ज्याला इथं सगळे सेलार म्हणतात, चिटपाखरू नव्हतं. मी ह्यांना म्हटलं, "खाली एक गाडी आलीय. नुसती बघा. लिफ्टनं जायचं, लिफ्टनं यायचं."

"बघून काय करू?"

"माझ्या पसंतीला नावं ठेवा. बऱ्याच दिवसांत ठेवली नाहीत."

आले. शर्ट इस्त्रीचा होताच, रविवार होता.

सेलारच्या अर्ध्या उजेडात गाडी उभी होती. मी राणीसारखं मागचं डावं दार उघडलं. माझी सुतळी, माझी निवड. "बसा," म्हटलं. हे पाठमोरे झाले, काठी दाराला लावली, वाकले. आणि थांबले. हात हवेत चाचपडायला लागले. उजवा, मग डावा. धरायला काही नव्हतं. पुढची सीट लांब, दार हलतं. पाय दोन दारांमधल्या खांबाशी अडला. मी पुढं झाले, तसा ह्यांनी माझा हात झटकला. सून मागं सरकली. मोगरावाली बाई दुसरीकडे बघायला लागली, तिचे उपकार. बराच वेळ हे तसेच अर्धे वाकलेले, आणि मग सरळ उभे राहिले. तोंडावर तोच भाव, डोळे मिटून घेतानाचा.

मला तेव्हा कळलं. वेताच्या खुर्चीला हात असतात! हे उठतात ते त्या हातांवर जोर देऊन. मी बैठक मापली, हात मापायला विसरले. आणि पुढच्या सीटकडे तर मी एकदाही सुतळी सोडली नव्हती, कारण त्या बयेला मागं बसायचं होतं, शेजारी नवरा घेऊन. जन्माची हौस! मापसुद्धा तिनंच घेतलं होतं, मी नाही.

"चला वर," मी म्हटलं. "चुकलं माझं. कापण्या केल्यात, खाऊ."

हे हलले नाहीत. काठी घेऊन गाडीभोवती चालायला लागले. रेल्वेतली सवय, डबे तपासल्यासारखे. चाकावर काठी आपटली, ऐकलं. पुढं गेले, दिव्यांकडे पाहिलं. वळसा घालून उजवीकडे गेले आणि ड्रायव्हरचं दार उघडलं. आम्ही तिघी बघत राहिलो. ह्यांनी स्टिअरिंग हातात धरलं, दुसरा हात दाराच्या चौकटीवर, पाठमोरे झाले आणि बसले. एक पाय आत. मग दुसरा. कुणी हात लावला नव्हता.



मोगरावाली म्हणाली, "सर, आप चलाते?"

"हम गार्ड थे अम्मा," हे म्हणाले. "ड्राइवर नहीं."

सून एकदम हसायला लागली. "मामय्या, मग झालं! बसता येतं ती एकच सीट, आणि गाडी तुम्हाला चालवता येत नाही."

मोगरावाली मात्र लगबगीनं पलीकडे गेली. पुढच्या डाव्या सीटच्या बाजूला कसलीशी कळ होती, ती तिनं दाबत नेली आणि सीट हळूहळू वर आली, दूध उतू जाताना वर येतं तशी. "ये महँगेवाले मॉडल में ही है, अम्मा. और ये देखो." दारावरच्या छताला मूठ होती. जाड, भक्कम. आजवर तसल्या मुठीला मी कपड्यांची पिशवी अडकवलेली होती, आणखी तिचा काय उपयोग असतो याचा विचार केला नव्हता.

हे उतरले. हळूहळू डावीकडे आले. मूठ धरली. एकदा ओढून बघितली, तुटते का. दुसरा हात पुढच्या फळीवर. आणि बसले.

उतरले. पुन्हा बसले. मग पुन्हा उतरले, उगाच, नव्या चपला घालून घरभर फिरावं तसं.

"अगं," मला म्हणाले, "त्या झालरीचं काय झालं?"

"बसा गप."

"बसलोय ना."

मुलाला फोन लावला. "आई, काही ठरवू नकोस, मी मंगळवारी येतो," तो घाईनं म्हणाला.

"बाबा बसले."

"कोणी धरलं?"

"कोणीच नाही."

 मग तो म्हणाला, "घे मग."

मोगरावालीनं गाडी सेलारच्या चढावरून वर काढली आणि आम्ही उजेडात आलो. पुढं हे, मागं मी आणि सून. मला शेजारी ह्यांना बघायचं होतं, मिळालं मला ह्यांचं डोकं, मागून. पांढरं, नीट विंचरलेलं, कानांमागं थोडं वाढलेलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांचं डोकं मागून इतका वेळ बघायला कधी मिळालं नव्हतं. बघत राहिले. गाडी चालतेय की रस्ता मागं सरकतोय कळत नव्हतं. भरलेल्या आभाळाखाली सगळं एका रंगाचं झालं होतं, पाणी, पूल, पुतळे. "टँकबंडवरून घ्या," हे म्हणाले. तिनं घेतली. ह्यांनी काच थोडी खाली केली, वारा घेतला, पुन्हा वर केली. खाली, वर. लहान मुलाच्या हातात कळ दिल्यासारखं.

"सर, अब घर?"

"जरा चिक्कडपल्ली से होके."

चिक्कडपल्लीत शिरलो आणि अडकलो. बोनालूची मिरवणूक. पुढं ढोल, अंगाला हळद फासलेला, कमरेला कडुनिंब गुंडाळलेला पोतराजू नाचत चाललेला, मागं हळदकुंकवाची मडकी डोक्यावर घेऊन बायका. काचा बंद होत्या, त्यामुळे ढोल पाण्याखालून वाजल्यासारखे येत होते. मडक्यांवरचे दिवे एकामागून एक काचेवरून सरकत गेले. एका बाईच्या कपाळाचं कुंकू घामानं ओघळलं होतं आणि ती आमच्याकडे बघत होती, खरं तर आमच्या काचेत स्वतःला. हिच्याही वेणीला तिथं आरसा मिळाला म्हणायचा.

"बुकिंग आताच करता येते का?" हे पुढून म्हणाले.

सुनेनं कपाळाला हात लावला. "मामय्या, वद्दू, नको! आषाढम!"

"श्रावणात गाडी पाहिजे असेल तर आषाढातच सांगायला नको का? गाडी कारखान्यातून सुटणार, मग इथं पोचणार. वेळापत्रक असतं त्याला."

 सून काचेकडे वळली, देवीला हात जोडले आणि म्हणाली, "मी काही बघितलं नाही." मग त्याच हातानं माझ्या फोनमधलं पैसे पाठवायचं पान उघडून दिलं.

"कलर, अम्मा?" मोगरावालीनं मागं वळून विचारलं.

तिच्या फोनमध्ये एक द्राक्षाच्या दारूसारखा रंग होता. लाल म्हणावं तर काळा, काळा म्हणावं तर लाल. माझ्या आत कुणीतरी उडी मारून उभं राहिलं.

"ये कब मिलता?"

"इसमें टाइम लगता अम्मा. दसरा, दिवाली. सफेद जल्दी आती. श्रावणम में पक्का."

दिवाळी. म्हणजे तोवरचे सगळे रविवार, घडी घालून ठेवलेला शर्ट. मी त्या रंगाकडे आणखी एकदा पाहून घेतलं. आतली ती रुसून भिंतीकडे तोंड करून बसली. बसू दे. सगळ्या हैदराबादेत पांढऱ्याच गाड्या आहेत, आबिड्सला उभी केली तर आपली कुठली हे मला नंबर वाचूनच ओळखावं लागणार.

"सफेद," मी म्हटलं.

आगाऊ पैसे गेले. तिच्या फोनवर टिंग झालं. मिरवणूक अजून संपत नव्हती, वाटेतल्या एका दारापुढं पोतराजू घुमायला लागला होता. आणि तेवढ्यात पुढं दाराचा खट् आवाज झाला, आणि ढोल एकदम मोठे होऊन आत आले.

हे दार उघडत होते.

"अहो! कुठं?"

"ते काय, दुकान तिथंच तर आहे." काठीनं दाखवलं. गर्दीच्या पलीकडे, कोपऱ्यावर, बंद शटरखाली पायऱ्या, आणि पायऱ्यांवर पाच-सहा पांढरी डोकी मिरवणूक बघत बसलेली. "जातो चालत."

"थांबा, गर्दी आहे, मी येते."

"तू बस." वळूनही पाहिलं नाही.

सुनेनं दाराकडे हात नेला. मी तिच्या मांडीवर हात ठेवून तिला थांबवलं आणि माझा दुसरा हात स्वतःच्याच मांडीखाली दाबून बसले, नाही तर तो गेलाच असता. ह्यांनी मूठ धरली. एक पाय बाहेर. दुसरा. काठी टेकली. क्षणभर उभे राहिले, शर्ट खाली ओढून सारखा केला, आणि दार मागं ढकलून लावलं. जोरात. नव्या गाडीचं दार इतक्या जोरात लावायचं नसतं.

मग ते गर्दीत शिरले. हळद लावलेल्या एका बाईनं मडकं सांभाळत त्यांना वाट दिली. पायऱ्यांवरचं एक डोकं इकडं वळलं, मग दुसरं. कुणीतरी उठून उभं राहिलं आणि दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडलं. बंद काचेआडून ऐकू आलं नाही, पण शिवी असणार. इतके महिने न आलेल्या माणसाला तिथं शिवीनंच बसायला जागा देतात. हे पायऱ्यांपाशी पोचले, कठड्याला धरलं आणि त्यांच्यात बसले. मला आता फक्त पांढरी डोकी दिसत होती. त्यातलं आमचं कुठलं, ते मी मघापासून बघून ठेवलेलं होतं.

मिरवणूक पुढं सरकली. पोलिसानं शिट्टी वाजवली. मोगरावालीनं गाडी कडेला घेतली, काही वेळ थांबली, मग आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"अम्मा, सर कब तक आते?"

मी चपला काढल्या आणि पाय लांब केले.

"अब क्या मालूम बेटा. एसी चालू रहने दे."